वारणा खोऱ्यातली माहिती तंत्रज्ञान पाहणी: कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

प्रश्नावलीचा मसुदा आज पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढला. विषय थोडक्यात असा: कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत पसरलेल्या वारणा खोऱ्यातल्या गावांत माहिती तंत्रज्ञान घरोघरी कितपत रुजलंय आणि त्याचा फायदा नक्की कोणाच्या पदरात पडतो.

हाच भाग निवडायला कारण आहे. १९९८ साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि इथल्या सहकारी संस्थांचा वारणा समूह या तिघांनी खर्च वाटून घेतला, एनआयसीने (केंद्र सरकारच्या संगणक विभागाने) तांत्रिक बाजू सांभाळली आणि खोऱ्यातली ७० गावं संगणक केंद्रांनी साखर कारखान्याशी जोडायचं ठरलं. ऊस नोंद, तोडणीची पाळी, खताची उचल, वजन आणि बिल ही कामं गावातल्या केंद्रावर होऊ लागली. पुढे २००६च्या सुमाराला मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी ही केंद्रं जवळून पाहिली. संगणकावर प्रत्यक्षात कारखान्याशी संबंधित मोजकीच कामं होतात आणि इंटरनेटला कोणी फारसा हात लावत नाही, असं त्यांना दिसलं. मग काही गावांत त्यांनी संगणक बाजूला ठेवून तीच कामं मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवली.

म्हणजे ‘यंत्र पोचलं का’ हा प्रश्न या खोऱ्यात पंचवीस वर्षांपूर्वीच विचारून झालाय. आम्हाला त्याच्या पुढचं विचारायचंय.

हाताशी असलेले बरेचसे आकडे घराचे आहेत. २०११च्या जनगणनेत देशातल्या ९.४ टक्के घरांत संगणक होता, इंटरनेटसह संगणक ३.१ टक्के घरांत. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत ग्रामीण भागात संगणक ४.४ टक्के घरांत आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत निघाली. शहरात हेच २३.४ आणि ४२ टक्के. नियोजनाला घराचा आकडा लागतो, हे मान्य. पण घरात फोन एक आणि माणसं सहा असली की त्या टक्क्यावरून काही कळत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) माणसाला विचारलं, तर कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के निघाले. ही दरी घराच्या उंबऱ्याच्या आतली आहे. आमची पाहणी उंबरा ओलांडून आत गेली पाहिजे.

१४ नोव्हेंबर

नमुना कशातून काढायचा यावर आज बराच वेळ गेला. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सगळा देश अजून २०११च्या यादीवर नमुने काढतोय. तेरा वर्षांत या भागात दोन मोठे पूर येऊन गेले, २०१९ला आणि २०२१ला. नदीकाठची काही घरं वर सरकली, रस्त्याकडेला नव्या वसाहती झाल्या. गावं जनगणनेच्या यादीतून निवडायची आणि निवडलेल्या गावात घरांची यादी आपणच गल्लोगल्ली फिरून नव्याने करायची, असं ठरलं. खर्च वाढतो, पण दुसरा मार्ग नाही. गावांची नावं या नोंदींत येणार नाहीत.

२० तारखेला विधानसभेचं मतदान आहे. आत्ता कागद घेऊन दारात गेलं तर माणूस आधी विचारणार, ‘कुठल्या पार्टीचं?’ निकाल लागेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही.

२५ नोव्हेंबर

प्रशिक्षण सुरू झालं. पाहणीला घेतलेली पोरं-पोरी याच खोऱ्यातल्या चार तालुक्यांतली आहेत. बोलीची अडचण नाही; उलट ओळखीच्या घरात गेलं की चहा आणि गप्पा होतात आणि प्रश्न राहून जातात, हे त्यांना दोनतीनदा सांगावं लागलं. ओळखीचं घर निघालं तर जोडीदाराला पाठवायचं.

घरात गेल्यावर कोणाला विचारायचं हे आपण ठरवायचं नाही आणि घरच्यांनीही नाही. प्रौढांची यादी करायची आणि किश तक्त्याने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं, एकाचं नाव काढायचं. लेस्ली किशने ही पद्धत १९४९ला मांडली, आता टॅब्लेटच ती पार पाडतो. एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, आजीचं नाव आलं आणि तिला काहीच येत नसेल तर?’ तर आजीलाच विचारायचं. तिला काही येत नसताना तिची कामं कशी होतात, हेच तर आपल्याला पाहिजे.

प्रश्नांचा क्रम बदललाय. ‘इंटरनेट वापरता का’ हे अगदी शेवटी. आधी कामं विचारायची आणि मुदत गेल्या तीन महिन्यांची: व्हिडिओ पाहिला का, फोटो पाठवला का, पैसे दिले-घेतले का, सातबारा काढला का, ई-पीक पाहणी केली का, रेशनला अंगठा दिला का, योजनेचा अर्ज भरला का. आणि प्रत्येक ‘हो’च्या मागे तीन प्रश्न ठेवलेत: फोन किंवा यंत्र कोणाचं, बटण कोणी दाबलं, आणि काम बरोबर झालं का हे कोणी ताडून पाहिलं. माझ्या मते सगळ्या पाहणीचा जीव या तीन रकान्यांत आहे. प्रश्नावली लांबते म्हणून यातला एक गाळावा, अशी सूचना आली होती. मी ठाम नाही म्हटलं.

२९ नोव्हेंबर

पूर्वचाचणीचं पहिलं गाव. ओळीने चार घरांत दारात आलेल्या पुरुषाने सांगितलं, ‘मलाच इचारा की, घरातलं सगळं मीच बघतोय.’ टॅब्लेट नाव काढतो, हे त्याच्यावर ढकललं की पोरींचं काम सोपं होतं. ‘दादा, मी न्हाई, ह्यानं काढलंय नाव’ म्हटलं की वाद मिटतो.

एका घरी थोरल्या सुनेचं नाव निघालं. सासूबाई म्हणाल्या, ‘तिला काय कळतंय? माझ्या लेकाला येऊ दे.’ आमच्या मुलीने फार समंजसपणे हाताळलं. सासूबाईंना आधी त्यांच्याच तब्येतीचं विचारलं, मग सुनेबरोबर गोठ्यात गेली आणि ती शेण भरत असताना तिथेच उभ्याने मुलाखत घेतली. सुनेकडे स्वतःचा फोन आहे. ब्लाऊजचे नमुने ती यूट्यूबवर बघते. बचत गटाच्या ग्रुपवर हप्त्याचा हिशोब टाकायचं काम तिचंच आहे. पण सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर, पैशाचं ॲप नवऱ्याच्या फोनमध्ये, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. ‘मग ओटीपी लागला तर?’ ‘त्यांना फोन करायचा, त्यांनी सांगायचा.’ ‘आणि ते कामात असले तर?’ ती हसली आणि म्हणाली, ‘मग सांच्याला.’

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत स्वतःचा मोबाइल असलेल्या व्यक्तींचं प्रमाण, स्त्री आणि पुरुष वेगवेगळं, असा निर्देशांक आहे. आमच्या नोंदीत ती सून त्यात बसते आणि बसलीच पाहिजे, कारण ग्रुपवरचा हिशोब तिचा आहे. पण सरकारी काम निघालं की तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं, हे त्या ‘हो’मध्ये कुठेच दिसत नाही. फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवले: सिम कोणाच्या नावावर आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो.

३ डिसेंबर

सकाळी सहाला दूध संस्थेत गेले. ठरवून गेले नव्हते, मुक्काम जवळ होता. पण आजचं पाहिलेलं सविस्तर लिहून ठेवते.

रांगेत बायाच जास्त, प्रत्येकीच्या हातात किटली. दूध काट्यावर ओतलं की वजन पडद्यावर येतं, नमुना मशिनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, दर आपोआप लागतो आणि चिठ्ठी छापून हातात येते. साठीच्या एक मावशी चिठ्ठी घेऊन बाजूला दिव्याखाली गेल्या, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि परत खिडकीशी आल्या. ‘म्हशीला काल सात लागलं, आज सहा-पाच कसं? ढवळून घेतलासा काय?’ सेक्रेटरी काही बोलले नाहीत. दूध नीट ढवळून पुन्हा नमुना घेतला. आकडा वर गेला, नवी चिठ्ठी निघाली. मावशींनी जुनी चिठ्ठी फाडून टाकली आणि नवी पदराच्या गाठीत बांधली. दहा दिवसांचं बिल आलं की सगळ्या चिठ्ठ्या काढून नातीकडून बेरीज करून घेतात, असं म्हणाल्या.

मी विचारलं, ‘मावशी, कॉम्प्युटरचं काही येतं का?’ ‘ते आमच्या पोराला इचारा बाई. मला त्यातलं काय सुदीक न्हाई येत.’

या मावशींचं नाव आमच्या नमुन्यात नाही. असतं तर कोणत्याही प्रचलित प्रश्नावलीत त्या ‘वापर नाही’ या रकान्यात गेल्या असत्या. त्यांनी बटण दाबलं नाही, यंत्र त्यांचं नाही. पण यंत्राने दिलेली माहिती त्यांनी कालच्या आकड्याशी ताडून पाहिली, चूक पकडली आणि दुरुस्त करून घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ त्या हे करतात. पश्चिम महाराष्ट्रात माहिती तंत्रज्ञान सहकाराच्या दारातून आत आलं, दूध संस्था आणि साखर कारखाना या दोन दारांतून, आणि ते घरातल्या उपकरणांची यादी करून सापडायचं नाही. दूध संस्थेची चिठ्ठी आणि उसाच्या वजनाचा एसएमएस आजपासून कामांच्या यादीत घेतले.

९ डिसेंबर

दोन दिवस एका गावातल्या सेवा केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात, बसून काढले. खोली लहान, एक संगणक, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र. चालवणारा मुलगा तिशीचा, शांत. लोक त्याला नावाने हाक मारतात आणि तो सगळ्यांना काका-मामी म्हणतो.

जुलैपासून त्याचं काम पालटलंय. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट बँकेत येतात, पण कोणत्या बँकेत हे आधारवरून ठरतं. एकाहून जास्त खाती असली तर ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं, तिथे पैसे जातात. या भागात बऱ्याच बायांचं दुधाचं खातं एका बँकेत आणि २०१४ नंतर जनधनमध्ये काढलेलं खातं दुसऱ्या बँकेत. पैसे दुसरीकडे जमा होतात आणि बाई पहिल्या बँकेत पासबुक भरून ‘आलं न्हाईत’ म्हणून परत येते.

आज अशीच एक वहिनी आली. आधार प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत दोन पासबुकं. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते ऑनलाइन बघता येतं, पण त्यासाठी ओटीपी लागतो. तो तिच्या भावाच्या जुन्या नंबरवर जातो. आधार काढलं तेव्हा ती माहेरी होती आणि घरात तो एकच फोन होता. तो नंबर कधीचाच बंद झालाय. मुलाने तिला समजावून सांगितलं: आधी तालुक्याला आधार केंद्रावर जाऊन, बोटं देऊन नंबर बदलून घ्यायचा, मग इथे यायचं. तिने विचारलं, ‘माझाच नंबर लावू की ह्यांचा?’ तो पटकन म्हणाला, ‘तुमचाच लावा मामी, फोन आहे की तुमच्याकडं.’ हे त्याचं वाक्य मी तसंच उतरवून घेतलंय, कारण अशा ठिकाणी बसलेल्या माणसाचं एक वाक्य पुढची कित्येक वर्षं बदलू शकतं.

त्याच्याकडे एक जाडजूड वही आहे. कोणाचा कोणत्या पोर्टलचा आयडी, पासवर्ड. लोकच लिहून ठेवायला सांगतात. ‘ताई, मी नाही लिहिलं तर दर वेळी नवीन पासवर्ड काढायचा, परत ओटीपी, परत त्यांची चक्कर.’ हा मुलगा सरळ आहे आणि तो नसता तर अर्ध्या गावाची कामं अडली असती. पण गावाच्या चाव्या एका वहीत असणं ही जोखीम आहे आणि ती मोजली पाहिजे. प्रश्न वाढवला: पासवर्ड किंवा पिन तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?

१२ डिसेंबर

शिराळ्याच्या पश्चिमेकडची डोंगराकडेची गावं. वाडीवर रेंज नाही. पोरं झाडाखालच्या एका ठरलेल्या दगडावर बसून फोन लावतात. टॅब्लेटमध्ये फॉर्म ऑफलाइन साठत असल्यामुळे काम थांबलं नाही, रात्री मुक्कामाला आल्यावर चढवले.

१९ डिसेंबर

गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि आता खोऱ्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरल्यात. गावाबाहेर पाचट आणि प्लास्टिकच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या आहेत. आमच्या घरांच्या यादीत त्या नाहीत. व्याख्येप्रमाणे ‘नेहमीचा रहिवासी’ म्हणजे सहा महिने राहणारा. ही माणसं इथे पाच महिने राहतात आणि त्या काळात त्यांच्या गावाकडच्या घराला बहुधा कुलूप असतं. म्हणजे पाहणी हंगामात झाली तर ती दोन्हीकडून निसटतात. हे सगळ्याच पाहण्यांचं दुखणं आहे, पण उसाच्या पट्ट्यात तरी ते तसंच सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या कोयत्यावर हा हंगाम चालतो त्यांना वगळून या खोऱ्याबद्दल काहीही लिहिलं तर ते अर्धंच.

संध्याकाळी बीडकडच्या एका टोळीत गेलो. फड उरकून नुकतेच परतले होते. कोप्यांत वीज नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर वायर काढून पाच-सहा फोन एका लाकडी फळीवर चार्जिंगला ओळीने लावलेले. फोन सुरू झाला की पहिला व्हिडिओ कॉल गावाकडे, आजीजवळ ठेवलेल्या लेकरांना. एका जोडप्याची पोर शाळेची वही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होती आणि आई ‘जरा लांब धर, दिसंना’ म्हणत होती. बापाने मला सांगितलं, रिचार्ज संपला तरी चालतो, पण हा टाइम चुकवत नाही.

रेशनचं विचारलं. नियमाने कार्ड कुठलंही असो, अंगठा देऊन दुसऱ्या गावीही धान्य मिळू शकतं. काहींना हे माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांतल्या एकीने दोन्ही तळहात पुढे केले. उसाच्या पात्याने आणि कोयत्याच्या मुठीने बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. ‘अंगठा उमटत नाही बाई. चार-चार वेळा लावायचा, मग मालकाचा लावायचा.’ मालक म्हणजे नवरा. तिला यंत्र माहीत आहे, नियम माहीत आहे. यंत्रच तिला ओळखत नाही. आमच्या रकान्यांत यासाठी जागा नव्हती. ‘प्रयत्न केला, यंत्राने घेतलं नाही’ हे उत्तर आता वेगळं नोंदवायचं, ‘वापर नाही’मध्ये ढकलायचं नाही.

६ जानेवारी २०२५

जुन्या प्रकल्पातल्या एका गावात त्या काळी केंद्र चालवणारे गृहस्थ भेटले. आता पन्नाशीचे, शेती करतात. लोक संगणकाला कितपत सरावले होते, असं मी विचारलं. म्हणाले, ‘लोक कॉम्प्युटर बघायला यायचे न्हाईत. माझी तोड कधी हाय, ते बघायला यायचे. मी सांगायचो. त्यांचा विश्वास माझ्यावर हुता, डब्यावर न्हवं.’ आता तोडीचा आणि वजनाचा मेसेज थेट शेतकऱ्याच्या फोनवर येतो, तरी काही म्हातारे मेसेज घेऊन त्यांच्या दारात येतात. ते चष्मा लावून वाचून दाखवतात.

एमएस-सीआयटी या संगणकाच्या प्राथमिक कोर्सचं चित्र फॉर्म बघताना लक्षात आलं. हा कोर्स चालवणारं एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) २००१ साली स्थापन झालं आणि नोकरीला लागतं म्हणून गावोगावच्या मुलामुलींनी हा कोर्स केला. आता पस्तीस-चाळिशीच्या कित्येक बाया ‘संगणक शिक्षण: होय’ आणि ‘तीन महिन्यांत संगणक वापरला: नाही’ अशा भेटतात. लग्न होऊन आल्यावर कीबोर्डला हात लागला नाही. पण बचत गटाचे हिशोब फोनवर ठेवणाऱ्यांत याच जास्त दिसतात, असा आमच्या मुलींचा अनुभव आहे. पूर्ण आकडे हातात येईपर्यंत हा अंदाजच. तपासायच्या यादीत टाकलाय.

सध्या ॲग्रिस्टॅकची, म्हणजे सरकारच्या डिजिटल शेती योजनेतली, शेतकरी नोंदणी चालू आहे आणि सेवा केंद्रांवर पुन्हा रांगा आहेत. नोंदणी आधारवर, ओटीपी आधारच्या नंबरवर. ज्या बायांच्या नावावर जमीन आहे त्यांच्या रांगेत पुष्कळदा नवरा किंवा मुलगा उभा असतो. उरलेल्या गावांत ‘नोंदणीला स्वतः गेलात का’ हे विचारायचं.

१० जानेवारी

अहवालाच्या आराखड्यावर बैठक झाली. पाहणीला पैसे देणाऱ्या देणगीदारांना पहिल्या पानावर एक आकडा हवाय: इतके टक्के घरांत इंटरनेट. तो आम्ही देणार, त्याशिवाय आधीच्या पाहण्यांशी तुलना होणार नाही. पण त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुसरा तक्ता जाईल: कामागणिक यंत्र कोणाचं, बटण कोणाचं, ताळा कोणाचा, स्त्री आणि पुरुष वेगळे, सासरी आलेल्या आणि माहेरी राहणाऱ्या वेगळ्या. यावर बरीच ओढाताण झाली. गोठ्यातली मुलाखत घेणाऱ्या मुलीनेच अखेर बाजू मांडली: पहिला तक्ता एकटा गेला, तर तालुक्याचे अधिकारी पुढचं सगळं फोनवरूनच मागतील, आणि ज्यांचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येतो त्यांना कोणी विचारणार नाही. तक्ता राहिला.

ऊसतोड कामगारांसाठी वेगळा नमुना काढायचा, तो इथे नाही. हंगाम संपून ते गावी पोचले की जूनमध्ये, पेरणीच्या आधी, बीडकडे जायचं. प्रश्नावली हीच, फक्त रेशनच्या अंगठ्याचा भाग वर आणायचा आणि व्हिडिओ कॉलच्या खाली लेकरं कोणाजवळ असतात हा प्रश्न जोडायचा. टोळ्या कोणकोणत्या गावच्या, ते टोळ्या आणणाऱ्या दोन मुकादमांकडून लिहून घेतलंय. यादी उद्या नकाशावर लावायची आणि प्रवासाचा अंदाज सोमवारपर्यंत हिशोबाला द्यायचा.